कर्नल साईक्स आणि मुंग्यांची कोठारे

मृगाच्या सरी येऊन गेल्यावर एखाद्या दिवशी आकाश निवळते आणि कोवळे ऊन पडते. अशा वेळी शेताच्या बांधावर अथवा गायरानात फिरावयास गेले, तर जमिनीतील बारीक भोकांभोवती गवताच्या बियांचे लहान लहान ढीग पडलेले दिसतात. कोडोलीच्या वारणाकाठच्या शिवारात वाढलेल्या मुलास हे दृश्य नवे वाटणार नाही. मुंग्यांनी आपले धान्य वाळत घातले आहे, असे घरातील वडील माणसे सांगतात, आणि त्यांचे सांगणे अगदी खरे असते. परंतु जी गोष्ट आपल्याकडील गुराख्याच्या पोरालाही ठाऊक होती, ती सुमारे दोनशे वर्षांपूर्वी युरोपातील विद्वान मानावयास तयार नव्हते. मुंग्या धान्य साठवितात ही निव्वळ कविकल्पना आहे, असा त्यांचा समज होता. हा समज खोटा ठरविणारी नोंद १८२९ साली पुण्याच्या माळरानावर झाली. ती करणारा मनुष्य शास्त्राचा अध्यापक नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील एक अधिकारी होता. त्याचे नाव विल्यम हेन्री साईक्स.

साईक्स याचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्ड गावाजवळ झाला. त्या काळी इंग्लंडातील मध्यम स्थितीतील घराण्यांतून पुष्कळ मुले कोवळ्या वयातच कंपनीच्या नोकरीत शिरत. साईक्सही १८०३ मध्ये, वयाची चौदा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, कंपनीच्या फौजेत उमेदवार म्हणून दाखल झाला आणि पुढील वर्षी त्यास अधिकारपद मिळाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक याने भरतपूरच्या किल्ल्यास जो वेढा घातला, त्यात हा पंधरा वर्षांचा मुलगा हजर होता. पुढे मुंबई इलाख्यात राहून त्याने हिंदुस्थानी व मराठी या भाषांचा अभ्यास केला आणि १८१० मध्ये दोन्ही भाषांच्या दुभाषाची परीक्षा तो उत्तीर्ण झाला. या मराठीचा त्यास पुढे अतिशय उपयोग झाला. पक्ष्यास अथवा माशास लोक काय म्हणतात, हे कोळ्याशी आणि शेतकऱ्याशी त्यांच्याच बोलीत बोलल्यावाचून कसे कळणार?

१८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात खडकी येथे पेशव्यांच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली. तीत साईक्स शत्रुपक्षाच्या बाजूने लढला. आणि पेशवाई बुडाल्यावर डोंगरी किल्ले काबीज करण्याच्या मोहिमेतही तो होता. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्या प्रदेशाचे पशुपक्षी, मासे आणि मुंग्या त्याने पुढे इतक्या आस्थेने पाहिल्या, त्या प्रदेशात तो प्रथम तलवार घेऊन आला होता, आणि नंतर जी कामगिरी त्याच्याकडे आली, तिचाही मूळ हेतू नव्या राज्यकर्त्यांस आपला मुलूख किती पिकतो व किती सारा देऊ शकतो हे कळावे हाच होता. परंतु मनुष्याच्या हातून होणारे काम त्यास नेमून दिलेल्या कामापेक्षा कधी कधी मोठे होते. साईक्सच्या बाबतीत तसेच घडले.

१८२० पासून सुमारे चार वर्षे त्याने युरोपात प्रवास केला. तेथून परतल्यावर १८२४ च्या ऑक्टोबरात मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्यास मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तनिवेदक नेमले. हे पद नवे होते. दख्खनच्या मुलखातील गावे किती, माणसे किती, जमिनीचा मगदूर कसा, पिके कोणती, वतने व मिरासदारी कशी चालते, पाऊस किती पडतो, खडक कोणते, जनावरे कोणती, या सर्वांची माहिती गोळा करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. साईक्सने आपला तळ पुण्यास ठेवला, आणि वर्षातील पुष्कळसा काळ राहुटी घेऊन तो हिंडत राहिला. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, घाटमाथ्यावर व नदीकाठी त्याचे दौरे चालत. जवळ वायुभारमापक व तापमापक असत. पाणी किती उष्णतेस उकळते हे पाहून तो डोंगरांची उंची काढीत असे.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुक्यामध्ये पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते व पाहणाऱ्याची सावली त्याच्या मध्यभागी पडते, त्यास आपण इंद्रवज्र म्हणतो. गडावर जाणारे लोक आजही या इंद्रवज्राबरोबर साईक्सचे नाव घेतात, कारण या चमत्काराचे शास्त्रीय वर्णन त्याने करून ठेवले आहे. मात्र त्याने ते १८३५ साली पाहिले असे जे सर्रास सांगितले जाते ते बरोबर नाही. १८३५ हे दख्खनच्या हवामानावरील त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापल्याचे वर्ष आहे. त्यापूर्वी चार वर्षे तो हा देश सोडून गेला होता.

त्याने मिळविलेल्या पक्ष्यांच्या यादीत पन्नासांहून अधिक जाती शास्त्रास सर्वस्वी नव्या निघाल्या. तळ्याच्या काठी मान आखडून उभा राहणारा आणि उडताच एकाएकी पांढराशुभ्र दिसणारा वंचक, म्हणजे आपली ढोकरी, हिचे शास्त्रीय नामकरण साईक्सने केले. बाभळीच्या रानात कलकलाट करीत हिंडणाऱ्या मोठ्या करड्या सातभाईचेही तसेच. मुळा-मुठेतील माशांना नावे देताना त्याने कित्येक ठिकाणी येथील लोकांचीच नावे उचलली. दख्खनच्या महाशीर माशाचे ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव त्यांपैकीच एक आहे. रानटी रेशमाच्या किड्यावरही त्याने निबंध लिहिला. पक्षी आणि मासे डोळ्यांत भरण्यासारखे असतात, त्यांच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच माणसाची दृष्टी पायाखालच्या मुंगीकडेही तितक्याच सावधपणे वळली, याचे अधिक कौतुक वाटते.

मुंग्यांचा प्रश्न त्या वेळी कोठवर आला होता, हे येथे सांगितले पाहिजे. मुंगी उन्हाळ्यात धान्य साठविते आणि पुढील दिवसांची बेगमी करते, ही समजूत फार प्राचीन आहे. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत ती आहे, ग्रीक लोकांच्या नीतिकथांत ती आहे. आपल्याकडे सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी इसापनीती १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या सुमारास ही कथा मराठी मुलांच्या हाती छापील रूपाने पडू लागली होती, त्याच सुमारास युरोपातील कीटकशास्त्रज्ञ ती खोटी ठरवून मोकळे झाले होते. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही. इंग्लंड, फ्रान्सचा उत्तर भाग, स्वित्झर्लंड या थंड मुलखांत त्यांनी मुंग्यांची वारुळे वर्षानुवर्षे उकरून पाहिली होती, व तेथे धान्याचा एक दाणाही त्यांना सापडला नव्हता. त्या मुलखातील मुंग्या हिवाळ्यात थंडीने गारठून निपचित पडतात. त्यांना साठ्याची गरजच नसते.

मग प्राचीन लोकांची ही समजूत झाली कशी? त्याचेही उत्तर त्यांनी शोधून काढले होते. मुंगीचे जीवन चार अवस्थांतून जाते. अंडे, अळी, कोश आणि पूर्ण वाढलेली मुंगी. आपण ज्यांना मुंगीची अंडी म्हणतो, ते पांढरे दाणे बहुधा अंडी नसतातच. खरी अंडी इतकी सूक्ष्म असतात की नुसत्या डोळ्यांनी ती दिसणे कठीण. वारूळ उकरले म्हणजे मुंग्या जे पांढरे दाणे तोंडात धरून धावत सुटतात, ते त्यांचे कोश किंवा अळ्या होत. ऊन पडले म्हणजे मुंग्या ते उबेसाठी वर आणतात, आणि पाऊस आला की पुन्हा खाली नेतात. दुरून पाहणाऱ्यास ते गव्हातांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात. तेव्हा जुन्या लोकांनी कोशांनाच धान्य मानले असावे, असा निष्कर्ष निघाला. इंग्लंडातील प्रसिद्ध कीटकशास्त्रज्ञ विल्यम कर्बी व त्याचा सहकारी स्पेन्स यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात हेच मत मांडले. मात्र कर्बी सावध मनुष्य होता. उष्ण देशांतील मुंग्यांच्या सवयींचे नीट संशोधन होईपर्यंत कोणतीही मुंगी साठा करीत नाही असे ठामपणे म्हणणे उतावीळपणाचे होईल, असेही या दोघांनी लिहून ठेवले होते. तेवढी एक फट उघडी राहिली होती.

१९ जून १८२९ रोजी सकाळी साईक्स पुण्यात फिरावयास निघाला. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. लष्कराच्या कवायतीच्या मैदानाजवळ नांगर न लागलेली पडीक जमीन होती. तेथे त्यास गवताच्या बियांचे वीसाहून अधिक लहान ढीग दिसले. एकेका ढिगात मूठभर बी असावे. तो खाली वाकून पाहू लागला. प्रत्येक ढिगाजवळ एक भोक होते आणि त्यातून शेकडो मुंग्या एकेक बी तोंडात धरून वर येत होत्या. वरीच्या जातीच्या एका रानगवताचे ते बी होते. हे गवत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पिकते. म्हणजे साठा चार-पाच महिन्यांपूर्वीच झालेला असला पाहिजे. पहिल्या पावसाचे पाणी जमिनीत मुरून बी ओले झाले असावे आणि ऊन पडताच मुंग्यांनी ते वाळविण्यासाठी वर काढले असावे, असे त्याने अनुमान केले. ओल्या बियांना मोड फुटले, तर सारे कोठार फुकट जावयाचे!

येथे साईक्सची खरी परीक्षा होती. आपण जे पाहत आहो, ते युरोपातील थोर थोर पंडितांच्या मताविरुद्ध आहे, हे तो जाणून होता. पंडितांनी जी चूक प्राचीनांच्या माथी मारली, तीच चूक आपल्या हातून तर होत नाही ना, अशी शंका त्याने प्रथम स्वतःविषयी घेतली. म्हणून मुंग्यांच्या तोंडातील दाणे त्याने काळजीपूर्वक तपासले. कोश मऊ व पांढरा असतो, बी टणक असते व त्यावर टरफल असते. हे बीच होते. त्यानंतर तो मुंग्यांचे काम पाहत राहिला. भोकाच्या कडा विहिरीसारख्या सरळ उभ्या होत्या. दाणा मुंगीच्या मानाने जड होता. चांगल्या धट्ट्याकट्ट्या मुंग्यांनाही तो घेऊन चढणे अवघड जाई. अशक्त मुंग्या तर काठापर्यंत येऊन पुन्हा तळाशी कोसळत. पण पडताना त्यांच्या तोंडातील दाणा सुटत नसे. त्या तशाच पुन्हा चढू लागत आणि वर येऊन आपला दाणा सामाईक ढिगावर टाकीपर्यंत थांबत नसत.

एकदा पाहिलेली गोष्ट हा योगायोग असू शकतो. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी, परतीच्या पावसाची गडगडाटी वादळे संपल्यावर, साईक्सला अनेक ठिकाणी याच मुंग्या तेच काम करताना पुन्हा आढळल्या. या खेपेस एक ढीग ओंजळभर होता. पावसाने साठा भिजला की तो वर काढून वाळवावयाचा, ही या मुंगीची नेहमीचीच रीत असली पाहिजे, असे आता त्यास म्हणता आले. ही मुंगी घरात त्यास कधी दिसली नाही. ती शेतातली व रानातली असावी, अशीही नोंद त्याने केली. तिला त्याने लॅटिन भाषेत ‘प्रोव्हिडेन्स’ असे नाव दिले. पुढचा विचार करून तरतूद ठेवणारी, असा त्याचा अर्थ.

हे सर्व वाचून साईक्स म्हणजे मुंग्यांचा मोठा भक्त होता असे कोणास वाटेल, तर त्याच्या घरातील हकीकत ऐकावी. पुण्यातील बंगल्याच्या ओसरीत एका लहान मेजावर फळे, केक व मुरंबे ठेवलेले असत. मुंग्या लागू नयेत म्हणून मेजाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवीत, ही युक्ती आपल्या घरांतूनही चालते. मेज भिंतीपासून बोटभर दूर सरकविलेले असे. काही दिवस गेल्यावर मुंग्या पाणी पोहून येऊ लागल्या. रोज सकाळी शेकडो मुंग्या मिठाईवर ताव मारताना सापडत. त्यांना मारून टाकावे तरी त्यांची संख्या कमी होईना. तेव्हा पाण्याच्या वर मेजाच्या पायांना टर्पेंटाईनचे पट्टे ओढले. त्या उग्र वासामुळे थोडे दिवस शांतता लाभली, आणि पुन्हा एके दिवशी मिठाईवर मुंग्या हजर! त्या येतात कोठून हे कळेना. एकदा साईक्स मेजाजवळून जात असता भिंतीवरून एक मुंगी मेजावरील कापडावर टपकन पडली. पाठोपाठ दुसरी पडली, मग तिसरी. मुंग्या भिंतीवर मेजाच्या पातळीहून हातभर वर चढत आणि तेथून अंग झोकून नेमक्या मेजावर उतरत. या मुंगीस त्याने ‘न थकणारी’ अशा अर्थाचे नाव दिले. ज्याच्या मुरंब्याची नासाडी झाली, त्यानेच हे नाव ठेवावे यात मोठी गंमत आहे.

तिसरी मुंगी सह्याद्रीच्या जंगलातील. घाटातील झाडाझुडपांच्या फांद्यांवर काळपट तपकिरी रंगाचे गोळे लोंबताना दिसतात. कोडोलीच्या नैर्ऋत्येस पन्हाळा आणि त्यापलीकडे पश्चिमेस दाट होत जाणारे सह्याद्रीचे रान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशा रानातील हे गोळे ओळखीचे असतील. दुरून पाहणाऱ्यास ते वाळवीने फांदीवर चढविलेल्या मातीसारखे वाटतात, म्हणून कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. साईक्सने असे एक घरटे उतरवून घेतले व ते उभे चिरून आत काय आहे ते पाहिले.

त्याने केलेले वर्णन फार मनोवेधक आहे. घरटे पातळ पापुद्र्यांचे बनलेले होते, आणि हे पापुद्रे शेणाचे असावेत असे त्यास वाटले. छपरावर कौले जशी एकावर एक येतील अशी बसवितात, तसे ते बसविलेले होते. सर्वांत वर एक अखंड पापुद्रा टोपीसारखा घातलेला होता. कौलांच्या कडा सरळ नव्हत्या. त्या नागमोडी होत्या, त्यामुळे प्रत्येक थराखाली लहान लहान कमानी तयार झाल्या होत्या. या कमानी म्हणजे घरट्याचे दरवाजे. मुंग्या त्यांतून ये-जा करीत, पण पाऊस कितीही कोसळला तरी एक थेंब आत शिरत नसे. घाटातील पाऊस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शिल्पाची किंमत कळेल. आत वेड्यावाकड्या आकाराच्या खोल्या होत्या. मधल्या मोठ्या, कडेच्या लहान. कोठे वाळलेले पान आडवे आले, तर त्याचीच भिंत करून घेतली होती. झाडाच्या बारीक डहाळ्या घरट्यातून आरपार गेलेल्या होत्या आणि त्यांनीच सारा भार तोलून धरला होता. पिलांच्या वयाप्रमाणे खोल्याही निरनिराळ्या होत्या: अगदी बारीक अंडी मध्यभागी आणि अधिक वाढलेली प्रजा बाहेरच्या बाजूस.

या कुळातील मुंग्या वनस्पतींचे तंतू चावून, ते लाळेत मळून जाड्याभरड्या कागदासारखा पदार्थ तयार करतात, हे पुढील संशोधनातून दिसून आले. वाळल्यावर तो हुबेहूब शेणाच्या पापुद्र्यासारखा दिसतो. घरट्याची रचना मात्र साईक्सने लिहिल्याप्रमाणेच असते. ही मुंगी ओळखण्याची खूणही सोपी आहे. तिचे पोट बदामी आकाराचे, टोकाशी निमुळते असते, आणि तिला डिवचले की ते पोट पाठीवरून डोक्याच्या दिशेने उचलून ती उभी राहते. फांदी हालविली म्हणजे शेकडो मुंग्या अशा पोटे वर करून बाहेर पडतात. म्हणून पाहणाऱ्याने हात लावू नये हे बरे. या मुंगीला साईक्सने कर्बीचे नाव दिले. मुंग्यांच्या कोठारांविषयी शंका घेणारा, पण निर्णयाचे दार उघडे ठेवणारा हाच तो कर्बी. तो आता वृद्ध झाला होता आणि १८३३ मध्ये लंडनात स्थापन झालेल्या कीटकशास्त्र मंडळाने त्यास आपला सन्माननीय अध्यक्ष केले होते.

पण हे नामकरण लगेच झाले नव्हते. १८२९ च्या अखेरीस सरकारने काटकसरीसाठी साईक्सचे पदच रद्द केले. कामाचा पसारा अपुरा होता. तो तसाच टाकून देण्याऐवजी आणखी वर्षभर राहून त्याने तो पुरा केला, आणि १८३१ च्या आरंभी तो इंग्लंडास निघाला. दोन वर्षांनी त्याने फौजेची नोकरी सोडली. त्याच्याबरोबर टिपणांच्या वह्या, पक्ष्यांची कातडी, माशांची चित्रे व टाचणीला टोचलेल्या मुंग्या होत्या. १८३५ मध्ये त्या कीटकशास्त्र मंडळाच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात हिंदुस्थानातील मुंग्यांच्या नव्या जातींवरील त्याचा निबंध छापून आला. निबंध फार तर नऊ-दहा पानांचा होता. आपल्या प्रदेशातील मुंग्यांच्या शास्त्रीय अभ्यासाच्या पायाभूत नोंदींत त्याची गणना केली पाहिजे.

विद्वानांनी साईक्सचे म्हणणे तत्काळ मान्य केले काय? तसे झाले नाही. पुष्कळांनी ती दूरच्या देशातील एक विचित्र हकीकत म्हणून बाजूस ठेवली. १८५० च्या सुमारास टी. सी. जर्डन या डॉक्टराने दक्षिण हिंदुस्थानात मुंग्यांना बी साठविताना पाहिले व साईक्सला दुजोरा दिला. तरीही युरोपचे मन वळेना. शेवटी जॉन मॉग्रिज नावाचा एक तरुण इंग्रज प्रकृतीसाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहात असता त्याने तेथील मुंग्यांची कोठारे उकरून काढली. त्याचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात साईक्सच्या पुण्यातील नोंदी त्याने आदराने उतरून घेतल्या. मग मात्र वाद उरला नाही. मॉग्रिज पुढच्याच वर्षी क्षयाने वारला. साईक्सला हा ग्रंथ पाहावयास मिळाला नाही. त्याचे देहावसान १६ जून १८७२ रोजी लंडनात झाले होते.

मधल्या चाळीस वर्षांत त्याने मोठमोठी पदे भूषविली. तो कंपनीच्या संचालक मंडळाचा सभासद झाला व १८५६ मध्ये त्याचा अध्यक्ष. दोनच वर्षांत कंपनीचे राज्य संपले. १८५७ पासून मरेपर्यंत तो ॲबर्डीन शहराच्या वतीने पार्लमेंटात बसत होता. रॉयल एशियाटिक सोसायटी व लंडनची सांख्यिकी परिषद या दोन्ही संस्थांचे अध्यक्षपद त्यास लाभले. हे सर्व मोठेपण आज त्याच्या चरित्राच्या एखाद्या ओळीत मावते. पुण्याच्या त्या एका सकाळीस मात्र अजून पानभर जागा द्यावी लागते.

पुढे १८८३ मध्ये मुंबईत नैसर्गिक इतिहास संस्था स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले लोक होते. या संस्थेच्या नियतकालिकात १८९२ साली रॉबर्ट चार्ल्स रॉटन या वनाधिकाऱ्याने आपल्या मुंग्यांविषयी लेख लिहिले. पुणे, ठाणे, कानडा येथील रानांत त्याने जमविलेल्या मुंग्या तो स्वित्झर्लंडात ऑगस्ट फोरेल या नामांकित मुंगीतज्ज्ञाकडे पाठवीत असे, आणि त्यांतून कित्येक नव्या जाती उजेडात आल्या. १९०३ मध्ये कर्नल बिंगहॅम याने हिंदुस्थानातील मुंग्यांचा ग्रंथच सिद्ध केला.

या अभ्यासकांच्या वर्गवारीत साईक्सच्या मुंग्यांची कुळे बदलली. प्रोव्हिडेन्स ही आता ‘फायडोली’ या कुळात गणली जाते. या कुळात दोन प्रकारचे कामकरी असतात, लहान व मोठ्या डोक्याचे. टणक बी फोडण्याचे काम मोठ्या डोक्याच्यांकडे असते. घाटातील कर्बीची मुंगी ‘क्रेमॅटोगॅस्टर’ या कुळात गेली. कूळ बदलले तरी जातीचे नाव बदलावयाचे नाही, असा शास्त्राचा नियम आहे. म्हणून आजही शास्त्रीय याद्यांत या दोन्ही मुंग्यांपुढे साईक्स हे नाव व १८३५ हे वर्ष लिहिलेले आढळते. ते कंसात असते. नाव देणाऱ्याने जाती बरोबर ओळखली, पण कूळ पुढे बदलले, एवढीच त्या कंसाची खूण.

सह्याद्रीत आता पूर्वीइतके रान राहिलेले नाही; तरी जेथे ते आहे तेथे या कुळातील मुंग्यांची कौलारू घरटी अजून फांद्यांवर दिसतात. तांबूस सुतार नावाचा एक पक्षी त्यांना भोक पाडून आत आपली अंडी घालतो, आणि एरवी कोणालाही जवळ येऊ न देणाऱ्या त्या मुंग्या त्याच्या पिलांच्या वाटेस सहसा जात नाहीत.